जुन्या जॅझ गिटारींची देवघेव : प्रस्तावना

गिब्सन कंपनीने १९३४ साली ‘सुपर ४००’ नावाची गिटार बाजारात आणली. पोटाची रुंदी अठरा इंच, वरची फळी कोरून फुगीर केलेली, व्हायोलिनला असतात तशी एफ आकाराची दोन छिद्रं आणि किंमत चारशे डॉलर. नाव त्या किमतीवरूनच पडलं. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या गर्दीत, ध्वनिवर्धक नसताना, गिटारीचा ठोका शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून तिचा आकार एवढा दांडगा ठेवला होता. पुढे जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रा यांनी ही जॅझसाठी घडवलेली गिटार मांडीवर आडवी घेतली. तारा पडद्यांपासून उंच उचलल्या, सुरासाठी जादा तार चढवली, हातात धातूची कांडी धरली आणि उस्ताद अली अकबर खाँ यांच्या तालमीतली रागदारी तिच्यातून काढली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीने काब्रांची गिटार घराघरांत पोचली.

अमेरिकेतल्या एखाद्या संग्राहकापुढे असं वाद्य ठेवलं तर तो आधी काय काय बदललंय त्याची यादी करील आणि तिच्याप्रमाणे भाव उतरवील. आपल्याकडे त्याच बदलांमुळे ते वाद्य अमोल ठरलं. जुन्या जॅझ गिटारींच्या खरेदी-विक्रीवर मराठीत लिहायला बसल्यावर मला पहिल्यांदा हेच सांगावंसं वाटतं. या व्यवहाराचे लिहिलेले नियम परक्या बाजारपेठेत ठरले. कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली गिटार तिथे सर्वांत महाग. पण आपल्या देशात जी मोजकी वाद्यं आली ती वाजवून पोट भरणाऱ्यांच्या हातांतून फिरली. चावी तुटली तर मिळाली ती बसवली, पिकअप, म्हणजे तारांच्या कंपनांची वीज करणारा भाग, गेला तर दुसऱ्या गिटारीतला काढून लावला, मान मोडली तर सांधली. म्हणून आपल्याकडे जुनी गिटार पारखताना विचारायचे प्रश्न दोन : दुरुस्ती कशी झाली आहे, आणि विकणाऱ्याने ती आपण होऊन सांगितली का. पुढच्या पानांत जे जे आहे ते या दोन प्रश्नांभोवती फिरतं.

हे मी बाजारहत्नूरला बसून लिहितो आहे. आदिलाबाद जिल्ह्याच्या या कोपऱ्यात मराठी, तेलुगू आणि गोंडी एकाच ओट्यावर बोलल्या जातात. कदम नदी इथे जवळच उगम पावते आणि पुढे कुंतलाच्या धबधब्यावरून उडी घेते. इथे जॅझ गिटारींचं दुकान नाही. पण तारवाद्य आणि त्याचा धनी यांचं नातं काय असतं ते या मुलखाला कोणी शिकवायला नको. गोंडांचे भाट असलेले परधान तीन तारांची किंगरी गजाने वाजवतात आणि गोंडांच्या कुळकथा गातात. त्यांची घरची बोली मराठी, गाणं मात्र गोंडीत. केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेला गेलेल्याला हे सूर नवे नाहीत. किंगरी बाजारात भाव करून घ्यायची वस्तू नव्हे. ती बापाकडून लेकाकडे येते आणि तिच्याबरोबर कथा येतात, कोणत्या घरी काय गायचं ते येतं. गिटारीच्या देवघेवीत पैसा येतो, अनोळखी माणूस येतो. तरी वाद्याबरोबर त्याची माहिती पुढे गेली पाहिजे, हा धडा मला किंगरीकडूनच घ्यावासा वाटतो.

जॅझ गिटार म्हणतात ती कोणती, हे थोडक्यात सांगतो. एरवी दिसते त्या सपाट फळीच्या, मध्ये गोल भोक असलेल्या गिटारीहून ही वेगळी. हिची वरची आणि मागची फळी फुगीर, म्हणून तिला आर्चटॉप म्हणतात. घोडी फळीला चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने नुसती उभी असते, आणि तारा खालच्या कडेला लावलेल्या धातूच्या किंवा लाकडी पट्टीत अडकवलेल्या असतात. लॉइड लोअर हा वाद्यरचनाकार गिब्सनमध्ये असताना १९२२ साली ‘एल-५’ निघाली, तिथून या जातीची वाट रुळली. १९३६ साली ‘ईएस-१५०’ आली, विजेवर चालणारी. चार्ली ख्रिश्चनने ती हातात घेतली आणि ठेका धरणारी गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीने एकेरी सुरावट वाजवू लागली. तो १९४२ साली अवघ्या पंचविसाव्या वर्षी गेला. पण गिटारवादकांनी त्याची वाट सोडली नाही. १९४९ ची ‘ईएस-१७५’ ही या सगळ्यांत कामसू. तिची फळी कोरलेली नाही, थर चिकटवून दाबलेली आहे. त्यामुळे ती स्वस्त पडली आणि मोठ्या आवाजात घोंघावण्याची खोडही कमी झाली. थरांची फळी म्हणजे हलकी, असं सरसकट समजणाऱ्याने ही गिटार एकदा नीट ऐकावी.

या ईएस-१७५ च्या दोन हकिकती या पुस्तकाच्या विषयाला अगदी लागू आहेत. जिम हॉल या थोर वादकाची ईएस-१७५ जुनी घेतलेली होती, हॉवर्ड रॉबर्ट्स या दुसऱ्या गिटारवादकाकडून. तिचा मूळचा पिकअप त्याने पुढे बदलला. म्हणजे जॅझमधला तो गोल, मऊ, विचारी स्वर एका सेकंडहँड आणि फेरफार केलेल्या गिटारीतून आला. दुसरी हकिकत जो पास या गिटारवादकाची. व्यसनमुक्तीच्या आश्रमातून बाहेर पडून तो पुन्हा उभा राहत होता तेव्हा त्याच्याकडे जॅझला साजेशी गिटार नव्हती. १९६३ साली एका चाहत्याने त्याला ईएस-१७५ भेट दिली, आणि ती त्याने वर्षानुवर्षं वाजवली.

आता मुंबई. लिऑन अॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक १९३५ साली आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर शहराला जॅझची जी गोडी लागली ती गोव्याच्या मुलांनी पोसली. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत लहानपणीच सोल्फेज, म्हणजे स्वरांची नावं घेत गाणं, आणि व्हायोलिन शिकवत, त्यामुळे ही मुलं स्वरलिपी घडाघडा वाचत. मिकी कोरिया १९३९ पासून दोन दशकं ताजचा बँड चालवत होते. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ हे चिक चॉकलेट नावाने गाजले आणि त्यांना लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. धोबी तलावच्या जेर महालात गावागावांचे कूड होते. गोव्याहून आलेला वादक तिथे खाटेपुरत्या जागेत राही आणि पेटीबरोबर वाद्य सांभाळी. त्याच परिसरात १८६५ पासूनचं फुर्ताडोजचं वाद्यांचं दुकान. एका गल्लीच्या टापूत वाजवणारा, शिकवणारा आणि विकणारा सगळे भेटत. जुन्या वाद्यांची देवघेव अशाच ठिकाणी रुजते. जाहिरात लागत नाही, कोणाच्या खाटेखाली काय आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं.

मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि नाचगाण्याच्या जागांचा धंदा बसला. वादक स्टुडिओंकडे वळले. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात चिक चॉकलेटच्या संगतीने मराठी-हिंदी कानांना स्विंगचा ठेका दिला, मराठी लग्नाच्या वरातीत तो आजही वाजतो, आणि वाजवणाऱ्यांना तो न्यू ऑर्लिन्सचा नातू आहे हे माहीत नसतं. शंकर-जयकिशनची ‘राग जॅझ स्टाइल’ ही ध्वनिमुद्रिका १९६८ ची. तिच्यात रईस खाँच्या सतारीशेजारी विजेच्या गिटारी आहेत. डेव्ह ब्रूबेक १९५८ साली मुंबईत वाजवून गेला, ड्यूक एलिंग्टन १९६३ साली. निरंजन झवेरी आणि त्यांच्या मंडळींनी १९७८ साली धोबी तलावच्याच रंगभवनात पहिली ‘जॅझ यात्रा’ भरवली, आणि सॉनी रोलिन्स तिथे वाजवून गेला.

या सगळ्या काळात चांगली गिटार मिळणं मात्र महाकठीण. १९९१ पूर्वी परदेशी वाद्य आणायचं तर परवाना लागे, वर जबर जकात. गिटार यायची ती माणसाबरोबर यायची. जहाजावरच्या बँडमध्ये नोकरी करणारा वादक घेऊन यायचा, परदेश दौऱ्यावरून कोणी आणायचा, नाही तर वकिलातीतला माणूस बदली होऊन जाताना विकून जायचा. अमान्सियो डिसिल्वा हा मुंबईचा गोवेकर जॅझ गिटारवादक. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी त्याला उत्तम गिटार मिळवून दिली असं सांगितलं जातं. पुढे तो लंडनला गेला आणि १९६९ साली जो हॅरियटबरोबर त्याने ‘हम दोनो’ ही ध्वनिमुद्रिका केली. एक चांगलं वाद्य मिळायला राजघराण्याचा आश्रय लागावा, एवढी ही टंचाई. त्या टंचाईमुळेच इथल्या गिटारींच्या अंगावर इतके सांधे आहेत. मला ते सांधे आवडतात. प्रत्येक सांधा म्हणजे कोणा कारागिराने सुटा भाग मिळत नसताना काढलेली वाट आहे.

एफ छिद्रांच्या आणखी एका गिटारीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण गावोगावच्या माळ्यांवर सापडते ती बहुधा हीच. कोलकात्याच्या कारखान्यांत बनलेली, फुगीर फळीची, आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार. ऑर्केस्ट्रांचा जमाना होता तेव्हा हिने महाराष्ट्रभर सिनेमाची गाणी वाजवली. हिची फळी बहुतेक वेळा दाबलेल्या प्लायची असते. जॅझ गिटार म्हणून कोणी भारी भाव सांगितला तर द्यायचा नाही. पण शिकाऊ माणसाने स्वस्तात घेऊन, घोडी खाली उतरवून, तारा बदलून वाजवून बघायला ती उत्तम. वरच्या टोकावर ‘गिवसन’ लिहिलेलं असेल तर ते कोलकात्याचं नाव आहे, मिशिगनच्या कलामझूच्या गिब्सनचं नव्हे. घाईत वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

गिटार हातात आल्यावर काय करायचं? आधी वाजवू नका. ती खिडकीपाशी न्या, तिरपी धरा आणि मानेच्या टोकाजवळ, चाव्या बसवलेल्या फळीच्या पाठीमागे, उजेड घसरू द्या. गिब्सनची ही फळी मागे झुकलेली असते आणि गिटार पडली की पहिला घाव तिथेच बसतो. सांधलेल्या जागी उजेडाची रेघ किंचित मोडते. नख फिरवलं की बारीक उंचवटा लागतो. मग एफ छिद्रातून दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आत सारा आणि दुसऱ्या छिद्रातून टॉर्चचा उजेड टाका. वरच्या फळीच्या पोटाला दोन लांब पट्ट्या चिकटवलेल्या दिसतील. त्या फळीला धरून ठेवतात आणि स्वरही घडवतात. पट्टी आणि फळी यांच्यामध्ये कागद सरकण्याइतकी फट असेल तर पट्टी सुटली आहे. बोटाच्या पेराने फळीवर हलके ठोके देत गेलात तर त्या जागी आवाज खरखरतो. जुन्या भेगांवर आतून लाकडाच्या चौकोनी टिकल्या चिकटवलेल्या दिसल्या तर घाबरू नका, ती चांगल्या कारागिराची खूण आहे. भेगेत नुसता गोंद ओतून वर रंग फासलेला असेल तर मात्र सावध व्हा. अतिनील दिव्याखाली जुनं नायट्रोसेल्युलोज पॉलिश पिवळट-हिरवं चमकतं आणि मागाहून मारलेला रंगाचा डाग त्यात वेगळा उठून दिसतो.

मग मान. पहिला आणि शेवटचा पडदा एकाच वेळी दाबून तार सरळपट्टी म्हणून वापरा. मधल्या पडद्यांवर तारेखाली पातळ कागदाएवढी जागा हवी. बाराव्या पडद्यावर तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर आणि तिथेच दाबून काढलेला सूर जुळत नसेल तर लगेच नाक मुरडू नका. आर्चटॉपची घोडी सुटी असते, प्रवासात ती सरकली असेल. जागेवर आणा आणि पुन्हा बघा. वरच्या फळीवर, छेडणाऱ्या हाताच्या बोटांखाली असलेली सेल्युलॉइडची पट्टी जुनी असेल तर तिला हुंगा. आंबूस, कापरासारखा वास येत असेल आणि जवळच्या धातूवर हिरवट गंज असेल तर ती पट्टी कुजू लागली आहे. ती काढून वेगळ्या पाकिटात ठेवा, बंद केसमध्ये ठेवू नका; तिच्या वाफेने बाकीचं सामानही खराब होतं.

गिटारीवर छापलेल्या कारखान्याच्या नंबरांवर फार विसंबू नये. गिब्सनने १९७० ते १९७५ या काळात आधीच्या दशकातले आकडे पुन्हा छापले, त्यामुळे नुसत्या नंबरावरून साल सांगणारा विक्रेता अर्धंच सांगतो. १९७७ नंतरचा आठ आकडी नंबर मात्र वाचता येतो. पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, दुसरा-तिसरा-चौथा मिळून त्या सालातला कितवा दिवस. आवाजाचं बटण फिरवतो त्या भागाच्या पाठीवरही कोरलेले आकडे असतात. सीटीएस कंपनीचा भाग असेल तर १३७ नंतरच्या आकड्यांत साल आणि आठवडा निघतो. तो भाग गिटारीपेक्षा बराच नवा निघाला तर कधी तरी आतल्या विजेच्या जोडणीची दुरुस्ती झाली आहे, एवढंच समजावं. विचारावं. विकणाऱ्याने सरळ उत्तर दिलं तर सौदा पुढे न्यावा.

आमच्याकडच्या वाचकांसाठी हवेचं प्रकरण मी मुद्दाम लांबवलं आहे. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलेली गिटार नंदीग्राम एक्स्प्रेसने नांदेड, किनवट करत आदिलाबादला उतरते आणि इच्चोड्यापाशी हायवे सोडून आत येते तेव्हा ती दुसऱ्याच मुलखात आलेली असते. उन्हाळ्यात आमचा पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो आणि हवा कोरडी ठणठणीत. हिवाळ्यात तेलंगणातली सगळ्यांत बोचरी थंडी आमच्या जिल्ह्यात. लाकूड आडव्या अंगाने आकसतं, उभ्या अंगाने जवळपास नाही. मानेवरची शिसवी पट्टी आकसते, तिच्यात बसवलेले धातूचे पडदे आकसत नाहीत, म्हणून त्यांची टोकं कडेने बाहेर येऊन हाताला करवतीसारखी टोचतात. फळी बसते, तारा खाली येतात, सूर झणझणतो, आणि एफ छिद्राच्या टोकापासून भेग धरते. हे होण्याआधीच थांबवता येतं. गिटार आली की केस लगेच उघडायची नाही, दिवसभर खोलीत तशीच राहू द्यायची. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घालून ती केसमध्ये ठेवायची आणि आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र शेजारी ठेवायचं. पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांच्या आसपास काटा राहिला की झालं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत गिटार घडीभरही ठेवू नये. जुना सरस उष्णतेने मऊ पडतो आणि जोड उकलतात.

पाठवणाऱ्यानेही काही गोष्टी पाळाव्यात. सगळ्या तारा काढायच्या नाहीत, नाही तर घोडी सुटून आत फिरत राहते आणि पॉलिश ओरबाडते. तारा थोड्या ढिल्या कराव्यात, घोडीची जागा कागदी टेपने खुणावून ठेवावी, खालच्या धातूच्या पट्टीखाली मऊ कापड घालावं, आणि मानेखाली पोकळी राहणार नाही अशी केस भरावी.

व्यवहाराच्या रीतीबद्दल माझी मतं ठाम आहेत. हौशी लोकांच्या देवघेवीत घासाघीस जरूर करावी, पण गिटार पाहिल्यानंतर आणि दोष मांडून. फोनवर नुसता आकडा पाडून मागणं हा वाद्याचाही अपमान आणि माणसाचाही. विकणाऱ्याने दोषांचे फोटो चांगल्या फोटोंच्या आधी पाठवावेत. घेणाऱ्याला काही दिवस घरी वाजवून पाहू द्यावं, आणि परत आली तर किरकिर न करता टोकन परत करावं. अदलाबदलीत दोघांनी आपापल्या गिटारीची किंमत आधी सांगावी, मग फरक ठरवावा. आणि गुंतवणूक म्हणून गिटार घेऊन कपाटात कोंडणाऱ्यांना मला कळकळीने सांगायचं आहे की हे लाकूड वाजवण्यासाठी घडवलं आहे. पैसा वाढवायला दुसरी साधनं पुष्कळ आहेत. ज्या पोराला ती वाजवायची आहे आणि परवडत नाही, त्याच्या वाटेतून बाजूला व्हा.

परदेशातल्या मराठी घरांतून आता बऱ्याच गिटारी येतात. कोणी न्यू जर्सीहून सुट्टीला येताना मावसभावासाठी आणतो, कोणी परतताना सगळं सामान घेऊन येतो. त्यांनी लाकडाचे नियम पाहून ठेवावेत. ब्राझीलच्या शिसवीवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची कडक बंदी आहे. २०१७ च्या जानेवारीत आपल्या शिसवीसह जवळपास सगळी शिसवी नियंत्रणात आली; तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली, पण ती ब्राझीलच्या शिसवीला नाही. जुन्या अमेरिकन गिटारींच्या मानेवर ती बरेचदा असते, म्हणून प्रवासाआधी कागदपत्रं हवीत.

शेवटी एक विनंती, घेणाऱ्यांपेक्षा विकणाऱ्यांना, आणि त्यातही ज्यांच्या घरातला वाजवणारा माणूस गेला आहे त्यांना. वांद्रे, गिरगाव, मडगाव, म्हापसा, नागपूर, नांदेड, कुठेही असाल आणि आजोबांची किंवा काकांची गिटार विकायची ठरली असेल, तर भाव विचारण्याआधी एक कोरा कागद घ्या. ती कोणाची होती, कुठून आणि साधारण कधी आली, कोणत्या बँडमध्ये किंवा स्टुडिओत वाजली, मोडली केव्हा, सांधली कोणी, कोणता भाग बदलला, जेवढं घरात ठाऊक असेल तेवढं लिहा. त्या माणसाचा गिटार घेतलेला फोटो असेल तर त्याची एक प्रत जोडा. खाली सही करा, तारीख घाला, कागद केसच्या आतल्या कप्प्यात ठेवा, आणि घेणाऱ्याला सांगा की पुढे विकशील तेव्हा याच्याखाली तुझं लिही.